रोह्याचे रोमानियन

दौलत खरिवले रोमानियन झाला तो एका रविवारी सकाळी, नाश्ता आणि ड्यूटी यांच्या मधल्या वेळात. त्याला स्वतःला ते कळलं दुपारी. कॅम्पच्या खोलीत शिरतो तर त्याच्या कॉटवरची गादी कुणीतरी गुंडाळून ठेवलेली, आणि बॅग दाराबाहेर काढलेली. खोलीतल्या वैभवने त्याच्याकडे नव्याने बघावं तसं बघितलं आणि सांगितलं की ऑफिसातून माणूस आला होता, तुमची बदली झाली, युरोपियनांच्या व्हिलात.

दौलत मूळचा रोह्याचा. धाटावच्या एमआयडीसीत पाइप फिटिंगवर हात बसला, मग एजंटच्या ओळखीने सौदीतल्या जुबैलला आला तो तिथलाच होऊन राहिला. त्याची कंपनी पेट्रोकेमिकल प्लांटच्या दुरुस्तीची कंत्राटं घ्यायची. ती वर्षं सौदीकरणाची होती. कंपनीत अमुक इतके सौदी पाहिजेतच, असा सरकारचा दंडक होता आणि त्या हिशेबाने कंपन्यांना लाल, पिवळा, हिरवा असे रंग मिळत. दौलतची कंपनी पिवळ्यात अडकून पडली होती. हिरव्यात यायचं म्हणून इकाम्याची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची, सगळी कागदपत्रं डोक्यात घेऊन वावरणारा जुना केरळी कारकून घरी गेला आणि त्याच्या खुर्चीवर हम्माद आला.

हम्माद मनाने चांगला होता. येणाऱ्या प्रत्येकाला उठून सलाम करायचा, खजूर पुढे करायचा. त्याचं शिक्षण फळबागांच्या निगेचं झालेलं होतं, पण जुबैलात खुर्ची रिकामी होती ती ही. त्यातच रियाधच्या हेड ऑफिसने नवा प्रोग्रॅम पाठवला आणि सगळ्या कामगारांची माहिती नव्याने भरायला सांगितली. हम्मादने दौलतचा पासपोर्ट उघडला, त्यावरचं जन्मगाव वाचलं आणि ते राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात टाइप करायला घेतलं. प्रोग्रॅमला रोहा नावाचा देश माहीत नव्हता. त्याने आपल्या परीने सगळ्यात जवळचा देश सुचवला. हम्मादने बटण दाबलं.

दौलत बॅग तशीच हातात घेऊन ऑफिसात गेला. हम्मादने चूक लगेच कबूल केली. चूक कबूल करण्यात त्याने कधीच मागेपुढे पाहिलं नाही. पण केलेली नोंद बदलायचा अधिकार त्याच्या बटणाला नव्हता. त्याने रियाधला फोन लावला. रियाधने सांगितलं, माणूस रोमानियन नसेल तर काही अडचण नाही, फक्त रोमानियाच्या वकिलातीकडून ना-हरकत दाखला आणा, की आमचा यांच्यावर हक्क नाही.

"त्यांनी सोडायचं तर आधी धरायला नको का मला?" दौलत म्हणाला.

हम्मादला हे पटलं. त्याने तसं रियाधला कळवतो म्हणून सांगितलं आणि खजूर पुढे केला.

शेवटी दौलत मुदीरकडे गेला. मुदीर म्हणजे तिथला मॅनेजर, पोट सुटलेला, शांत माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग टेबलावरचं कंपनीचं माहितीपत्रक उघडून दाखवलं. त्यावर लिहिलं होतं की या कंपनीत नऊ देशांचे लोक गुण्यागोविंदाने काम करतात. मागे प्लांट मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होता तेव्हा तीसेक रोमानियन वेल्डर आले होते. काम संपल्यावर ते निघून गेले आणि तेव्हापासून मुदीरला हे पत्रक कुणाच्या हातात द्यायची लाज वाटत होती. आता पुन्हा नऊ देश भरले होते. देवाने पाठवलेल्या गोष्टीत हात घालू नये, असं त्याचं मत पडलं.

दौलतने शेवटचं एवढंच विचारलं की मग पगारही रोमानियनचा मिळेल का. मुदीर म्हणाला, पगार पासपोर्टवर असतो, आणि पासपोर्ट हिंदुस्थानी आहे. खोली मात्र प्रोग्रॅमवर असते.

अशा रीतीने दौलत एकटा आठ जणांच्या व्हिलात राहायला गेला. रोमानियन गेले तरी भाड्याचा करार चालू होता, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. आठ पलंग, आठ कपाटं, आठ आरसे. पहिल्या दिवशी तो सगळ्या पलंगांवर एकेकदा आडवा होऊन आला. नंतर मात्र त्याला झोप येईना. इतकी वर्षं सहा माणसांच्या घोरण्यात काढलेली, आता एसीचा आवाज तेवढा. जेवणाचंही तेच. युरोपियन मेसचं कंत्राटही चालूच होतं आणि तिथला आचारी कार्डावर लिहिल्याप्रमाणे रोज उकडलेले बटाटे आणि कोबीचं सूप एका माणसासाठी करून समोर ठेवायचा. दौलतने एकदा भात मागून बघितला. आचाऱ्याने कार्ड दाखवलं.

घरी शेवंताला फोनवर सांगताना त्याला जड गेलं. तिने आधी पगाराचं विचारलं. वाढला नाही म्हटल्यावर, मग झालात कशाला, असं विचारलं. तरी चार दिवसांनी तिनेच सांगितलं की पिंकीने शाळेत बाबा रोमानियन झाल्याचं सांगून टाकलं, आणि बाईंनी तिला नकाशावर तो देश दाखवायला उभं केलं. पिंकीला तो सापडला. त्यावरून तिला शाबासकी मिळाली.

व्हिलात दौलतला सोबत मिळाली ती गफूरभाईंची. गफूर धनसे म्हसळ्याचे. दौलतहून वयाने मोठे, कंपनीत सेफ्टी सुपरवायझर. त्यांची कथा जुबैलात सगळ्यांना माहीत होती. तरुणपणी ते ह्याच कंपनीत, ह्याच खुर्चीवर हिंदुस्थानी पासपोर्टवर काम करत. तो पगार पुरेना म्हणून बायको हाजरा आणि मुलं घेऊन कॅनडाला गेले, तिथे बरीच वर्षं टॅक्सी चालवली, पासपोर्ट मिळवला आणि परत येऊन ह्याच खुर्चीवर बसले. फक्त पगार तिप्पट झाला. बायकोमुलं तिकडेच राहिली. एकेकाळी कंपनीत कॅनडाचे बरेच इंजिनियर होते. ते परवडेनासे झाले तसे एकेक करून गेले आणि कॅनेडियन म्हणून गफूरभाईच तेवढे उरले.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी ते बाजारातून मासे घेऊन यायचे. व्हिलाच्या स्वयंपाकघरात दोघं मिळून कालवण करत. कोकमं गफूरभाईंच्या पेटीत असत, तांदूळ दौलतकडे. जेवताना दोघं म्हसळा-रोहा रस्त्याच्या खड्ड्यांपासून सुरू करून कुठेही पोचत. एकदा हम्माद भाड्याच्या कागदावर सही घ्यायला आला तेव्हा त्याने दोघांना असं भडाभडा बोलताना ऐकलं आणि दारातच थांबला. ही कुठली भाषा, असं त्याने विचारलं.

गफूरभाईंच्या तोंडात घास होता. त्यांनी बोटाने दौलतकडे दाखवलं आणि म्हणाले, "ह्याची."

हम्मादने मान डोलावली. एका कॅनेडियन माणसाने शेजाऱ्यासाठी रोमानियन शिकावी, ह्याचं त्याला कौतुक वाटलं.

त्यानंतर अफनान आली. ती रियाधच्या एका सल्लागार कंपनीत नवीन लागली होती. तिला मिळालेला हा पहिलाच प्रकल्प आणि तो नीट झाला तर नोकरी कायम होणार होती. प्रकल्पाचं नाव होतं, परदेशी राहणाऱ्या कॅनेडियन आणि रोमानियन समाजांच्या आर्थिक सुस्थितीची तुलना. करार झाला तेव्हा जुबैलात दोन्ही समाज भरपूर होते. कागद रियाधमध्ये या टेबलावरून त्या टेबलावर फिरेपर्यंत समाज ओसरले, पण पैसे भरलेले होते आणि विषय बदलायला कुणी तयार नव्हतं. दोन्हीकडे एकेकच माणूस उरला आहे, हे मुदीरने तिला जरा चाचरत सांगितलं. अफनानने वहीत लिहून घेतलं आणि तिचा चेहरा उजळला. आजवर कुठल्याच अभ्यासाला समाजातल्या शंभर टक्के लोकांपर्यंत पोचता आलेलं नाही, असं ती म्हणाली.

मुदीरने बोलता बोलता गफूरभाईंच्या कानावर आणखी एक गोष्ट घातली. हेड ऑफिसला म्हणे दोन्ही समाज एका पातळीवर आणायचे होते. वरच्याला खाली आणणार की खालच्याला वर नेणार, हे काही त्याला ठाऊक नव्हतं.

ह्या एका वाक्याने दोघांची झोप उडाली, पण वेगवेगळ्या कारणांनी. दौलतला वाटलं, आता आपला पगार वाढणार. आपली गरिबी नीट मांडता आली पाहिजे. गफूरभाईंना वाटलं, आता आपला कापणार. तिकडचं घर बँकेचं होतं, दारातली गाडी दुसऱ्या बँकेची होती, आणि मुलगी नूरैन नुकतीच युनिव्हर्सिटीत गेली होती. त्या शुक्रवारी ते आले, पण मासे घालून ठेवलेल्या पिशवीकडे बघत नुसतेच बसले.

मुलाखती मीटिंग रूममध्ये ठेवल्या होत्या. दार उघडं, कोपऱ्यात हम्माद. नियम असा होता की प्रत्येकाने आपापल्या मातृभाषेत बोलायचं. कॅनेडियनचं इंग्रजीत भागणार होतं, रोमानियनसाठी दुभाष्या हवा होता. अफनानने आखाती किनाऱ्यावर सगळीकडे चौकशी केली होती, कुणी मिळेना. तेव्हा कोपऱ्यातून हम्मादने हात वर केला आणि सांगितलं की दुभाष्या इथेच आहे, मी स्वतः कानांनी ऐकलंय. गफूरभाई नाही म्हणायला उठले, आणि मग काहीतरी मनात येऊन परत बसले.

अफनानने विचारलं, कुटुंब कुठे राहतं. दौलतने तयारी केलेली होती. घर जुनं कौलारू आहे, म्हणाला, पावसात दोन ठिकाणी भांडी लावावी लागतात, न्हाणी परसात आहे. गफूरभाईंनी इंग्रजीत सांगितलं की यांचं स्वतंत्र घर आहे, हवा खेळती, आंघोळीची व्यवस्था बागेत. अफनानने लिहून घेतलं. जाण्यायेण्याचं काय, तिने विचारलं. दौलत म्हणाला, एसटी येते नाक्यावर, ती चुकली की दिवस गेला. गफूरभाई म्हणाले, सरकारची मोठी मोटार ड्रायव्हरसकट येते. दौलतचं इंग्रजी प्लांटपुरतं होतं, पण सरकार आणि ड्रायव्हर हे दोन शब्द त्याला कळले आणि त्याने मान वळवून बघितलं. गफूरभाई समोरच्या भिंतीकडे बघत होते.

खाण्यापिण्याचं निघालं. दौलत म्हणाला, भात, नाहीतर तांदळाची भाकरी, आणि सुकी मच्छी. गफूरभाईंनी त्याचं समुद्रातलं अन्न आणि स्वतःच्या शेतातलं धान्य केलं. बायको काय करते, तर परसात वाल लावते आणि वरकड बाजारात नेऊन विकते. तो शेती उद्योग झाला. सोसायटीचं कर्ज होतं ते मागच्या साली फिटलं, हे मात्र जसं होतं तसं सांगितलं गेलं, आणि अफनानने त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग गफूरभाईंची पाळी आली. त्यांनी आपलं रडगाणं आदल्या दिवशीच घोकून ठेवलं होतं. घर बँकेचं, गाडी बँकेची, असं ते सांगत गेले. बर्फ पडला की पहाटे उठून हाजरा दारातला रस्ता फावड्याने मोकळा करते आणि मग गोदामात पाळीवर जाते. टोमॅटो इतके महाग, की कापताना विचार करावा लागतो. हे सगळं ते ठरवल्याप्रमाणे, जरा रंगवून सांगत होते. मग अफनानने विचारलं, कुटुंबाबरोबर शेवटचं जेवण कधी केलंत. हा प्रश्न त्यांनी धरलेला नव्हता. नूरैन लहान होती तेव्हा मी टॅक्सीवर होतो, म्हणाले, ती झोपल्यावर घरी यायचो. आता मी इथे आहे. पासपोर्ट त्यांच्यासाठी काढला आणि पासपोर्टमुळे इथे पगार मिळतो म्हणून त्यांना सोडून इथे आलो. त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो घाम पुसायला काढल्यासारखा कपाळाला लावला.

दौलतला इंग्रजी सगळं कळलं नाही, पण ह्यातलं बरंच कळलं. तो आजवर गफूरभाईंना शेठ समजत होता.

शेवटचा प्रश्न दोघांनाही सारखाच होता. एक ते दहा यात आपल्या आयुष्याला किती गुण द्याल. गफूरभाईंनी दोन बोटं दाखवली. दौलतला प्रश्न नीट उमगला नाही. एकूण कसं काय चाललंय असं विचारतायत, असं गफूरभाईंनी त्याला हळूच सांगितलं. आपल्याकडे ह्याला जे उत्तर देतात तेच दौलतने दिलं.

"बरं चाललंय."

गफूरभाईंच्या अंगात आता काही करायचं त्राण नव्हतं. त्यांनी शब्दाला शब्द ठेवून सांगून टाकलं. अफनानने दहा लिहिले.

बाहेर आल्यावर दौलतने त्यांना व्हरांड्यात गाठलं. "गफूरभाई, तुम्ही माझ्या एसटीची मोटार केलीत," तो म्हणाला. गफूरभाई म्हणाले की खोटं काय सांगितलं, एसटी काय बैलगाडी आहे का, आणि निघून गेले. त्यानंतर ते व्हिलात यायचे बंद झाले. समोरासमोर आले तरी एकजण हेल्मेटचा पट्टा नीट करायचा आणि दुसरा आकाशाकडे बघायचा. शुक्रवारी दौलत मेसमध्ये जाऊन बटाटे खाऊ लागला.

अहवाल आला तेव्हा तो सादर करायला अफनान स्वतः आली. दोन्ही समाजांना आमंत्रण होतं, म्हणून हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडल्या होत्या. मागे मुदीर, हम्माद आणि रियाधहून आलेला हेड ऑफिसचा माणूस. पडद्यावर रंगीत खांब उभे राहिले. रोमानियन समाजाचा खांब छताला टेकला होता. स्वतःचं घर, स्वतःची जमीन, कर्ज शून्य, समुद्राचं ताजं अन्न, सरकारी मोटार, आणि सुखाचे दहापैकी दहा गुण, हे सगळं कॅनेडियनांच्या एक तृतीयांश पगारात. कॅनेडियन समाजाचा खांब जमिनीतून वर आलाच नव्हता. कंपनी ह्या समाजावर जितके जास्त पैसे खर्च करते तितका तो जास्त दुःखी होतो, असं अफनानचं निरीक्षण होतं. शेवटी तिने एक टीप जोडली होती की दोन्ही समाजांत फार जवळचे संबंध असून कॅनेडियन समाजातले सर्वच्या सर्व लोक रोमानियन बोलतात.

हेड ऑफिसचा माणूस हे ऐकून हेलावला. माणसांना असल्या अवस्थेत ठेवणं कंपनीच्या तत्त्वात बसत नाही, असं तो म्हणाला, आणि कॅनेडियनची जागा त्याच आठवड्यात बंद करण्यात आली. गफूरभाईंना फायनल एक्झिट मिळाली, म्हणजे आता कायमचं देशाबाहेर. दुसरा हुकूम निघाला तो असा, की अशाच समाधानी रोमानियनांची आणखी भरती करावी, आणि शक्यतो त्याच गावातून.

मुदीरने दौलतचं अभिनंदन केलं. तो आता समाजाचा प्रमुख झाला होता. पगार तोच.

दौलत तसाच गफूरभाईंच्या खोलीवर गेला. ते पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते, घातलेल्या मोडून परत घालत होते. पगार कापू नये म्हणून रडलो, म्हणाले, तर जागाच कापली. ह्यात त्यांना हसू आलं. मग म्हणाले, ह्या वयात परत टॅक्सी. डोळ्यांना आता रात्रीचं नीट दिसत नाही, हे हाजराला अजून सांगितलेलं नाही. दौलतने पलंगावरून घसरलेला एक शर्ट उचलून त्यांच्या हातात दिला. त्याचा राग अजून पुरता गेलेला नव्हता आणि तरी त्याला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी तो मुदीरपुढे जाऊन उभा राहिला. ह्या वेळी तो स्वतःच्या कामासाठी गेला नव्हता. हिंदीत त्याने विचारलं की नवीन माणसं येणार त्यांना इंग्रजी येणार नाही, अरबी येणार नाही. प्लांटमध्ये सेफ्टीचे नियम त्यांना कोण समजावणार? उद्या कुणी चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर?

मुदीरने हम्मादकडे बघितलं. हम्मादने विचार केला आणि सांगितलं की सगळ्या जुबैलात रोमानियन जाणणारा माणूस एकच आहे, आणि तो परवा चाललाय.

एक्झिट रद्द कशी करतात ते हम्माद एव्हाना शिकला होता. पण रियाधने दुभाष्याच्या जागेसाठी भाषेचा दाखला मागितला. दाखला जाणकाराने परीक्षा घेऊन द्यायचा. जाणकार कोण, तर दौलत. लगेच परीक्षा ठरली. मुदीरच्या केबिनमध्ये दौलतला खुर्ची दिली, गफूरभाईंना समोर उभं केलं. मुदीर म्हणाला, विचारा काय विचारायचं ते, रोमानियनमध्ये.

दौलतने घसा साफ केला. "एसटीची मोटार का केलीत?"

गफूरभाईंनी आधी मुदीरकडे बघितलं. मग म्हणाले, "घाबरलो होतो रे."

"मला विचारायचंत. मी सांगितलं असतं चांगलं घर आहे म्हणून. मला काय, मी कधीही गरीब होऊ शकतो."

"तुला पगार वाढायला हवा होता."

"हवा होता. हवाच आहे. म्हणून तुमचा गळा धरला असता का?"

"चुकलं माझं, दौलत."

मुदीर उत्सुकतेने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. कसं आहे, त्याने विचारलं. दौलत म्हणाला, बोलतात बरे, उच्चार थोडे म्हसळ्याकडचे आहेत. मुदीरला म्हसळा कुठे ते माहीत नव्हतं, पण परीक्षक कडक आहे हे त्याला आवडलं. दाखल्यावर दौलतने मराठीत सही केली. ती लिपी बघून हम्मादला अक्षरं फार देखणी वाटली.

दुभाष्याचा पगार कॅनेडियनपेक्षा कमी आणि हिंदुस्थान्यापेक्षा जास्त होता. गफूरभाईंनी तो पत्करला. फोनवर हाजराला त्यांनी सगळं सांगितलं, डोळ्यांचंसुद्धा. ती आधी पुष्कळ बोलली आणि मग तिने विचारलं की रोमानियन तुम्हाला कधीपासून यायला लागली.

भरती झाली ती रोह्यातून. एजंटला अट घालून दिली होती की पासपोर्टवर जन्मगाव रोहाच पाहिजे. बरेच जण गळले, कारण त्यांचे जन्म आजोळी झालेले निघाले. शेवटी सातजण आले. त्यांत विजय होता, केरू होता, आणि एजंटने घुसवलेला माणगावचा रमेश होता. रमेशला प्रोग्रॅमने मंगोलियात टाकलं. त्याची नोंद वेगळी झाली आणि मुदीरने घाईघाईने माहितीपत्रक नव्याने छापून घेतलं, दहा देशांचं. रमेशला व्हिलात ठेवायची परवानगी मात्र दौलतने भांडून मिळवली.

आता आठही पलंग भरले. सातांनी पहिल्याच दिवशी बटाटे बघून मेसमध्ये धरणं धरलं. गफूरभाईंनी दुभाषेपण करून मुदीरला समजावलं की रोमानियात हल्ली भात खातात. कार्ड बदललं. आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला, तो बिहारचा होता आणि त्याला कोबीचं सूप कधीच जमलं नव्हतं.

पुढे डिसेंबर उजाडायच्या सुमारास मुदीरला कुठेतरी वाचायला मिळालं की एक तारखेला रोमानियाचा राष्ट्रीय दिवस असतो. त्याने तो धडाक्यात करायचं ठरवलं. दौलतला बोलावून सांगितलं की तुमच्याकडचं जे काही लोकनृत्य असेल ते बसवा, पाहुणे बोलावलेत. कोण पाहुणे म्हणून दौलतने विचारलं. शेजारच्या प्लांटवर एक रोमानियन इंजिनियर आहे, मुदीर म्हणाला, जन्माने तिकडचा, तो खास येतोय.

व्हिलात त्या संध्याकाळी कुणी नीट जेवलं नाही. वैभवही कॅम्पातून सल्ला द्यायला आला होता. सगळ्यांनी आजारी पडावं असा एक विचार निघाला. पण आठ जण एकदम आजारी पडले तर प्लांटवर गॅस गळतीची चौकशी लागते, असं सेफ्टीवाल्या गफूरभाईंनी सांगितलं. शेवटी केरू म्हणाला की नाच आपल्याला एकच येतो, गणपतीतला बाल्या नाच, तो करू आणि बघू. पायात बांधायला घुंगरं नव्हती. जुन्या वॉशर तारेत ओवून त्यांचे पट्टे केले. मृदंगाच्या जागी पाण्याचं रिकामं प्लास्टिकचं पिंप घेतलं. सौदीत देवाचं काही उघड म्हणायची सोय नव्हती, म्हणून गफूरभाईंनी नवीन गाणं जुळवलं. त्यात कंपनीची बस होती, तापलेलं लोखंड होतं आणि हम्मादचे खजूर होते.

एक तारखेला अंगणात सतरंज्या पसरल्या. पाहुणा आला. रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा, साठीकडे झुकलेला माणूस. त्याने दौलतशी हात मिळवला आणि त्याच्या भाषेत काहीतरी बोलला. दौलतने हसून त्याचा हात जरा जास्त वेळ हलवला.

विजयने पिंपावर थाप दिली. गफूरभाईंनी चाल धरली. बाकीचे एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरायला लागले, वॉशर वाजायला लागल्या. दौलतच्या डोळ्यांपुढे सुरुवातीला फक्त त्या पांढऱ्या मिशा होत्या. मग फेर वाढला, लय चढली आणि तो ते विसरला. एवढ्या वर्षांत तो गणपतीला गावी गेलेला नव्हता. दुसऱ्या फेरीला त्याच्या कमरेवर आणखी एक जड हात पडला. पाहुणा उठून फेरात आला होता. पावलं त्याला येत नव्हती, पण तो सोडायला तयार नव्हता.

नाच संपल्यावर मुदीरने सगळ्यांदेखत त्याला विचारलं, बरोबर होतं ना सगळं, तुमच्याकडच्यासारखं? विजयने पिंप पायाने मागे सारलं. पाहुणा इंग्रजीत सावकाश म्हणाला की आमच्या गावातही असेच गोल करून नाचतात. आमचं जरा संथ असतं. पण मी घर सोडून पंचवीस वर्षं झाली, आता तिकडे काय बदललं असेल, कोण सांगणार.

मुदीरने जोरात टाळ्या वाजवल्या. हम्मादने खजुराचं ताट फिरवलं.

जेवताना पाहुण्याने सुरमईचं कालवण तीनदा घेतलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिखटाने की कशाने हे काही त्याने सांगितलं नाही. निघताना तो दौलतसमोर उभा राहिला आणि पुन्हा आपल्या भाषेत बोलला, ह्या वेळी बराच वेळ, अधूनमधून थांबत. मुदीरने गफूरभाईंकडे बघितलं. दुभाष्याला आता बोलणं भागच होतं. गफूरभाई त्या माणसाच्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिले.

"एकटा राहतो म्हणतो," त्यांनी सांगितलं. "शुक्रवारी येऊ का विचारतोय."

दौलतने पाहुण्याला हातांनी खूण करून सांगितलं की ये. तो माणूस समजला असावा. कारण शुक्रवारी सकाळी, मासे साफ करायला घेतलेले असताना, व्हिलाच्या दारात त्याची गाडी येऊन थांबली. तो काचेच्या बरणीत घरी आंबवलेली कोबी घेऊन आला होता. केरूने त्याला लसूण सोलायला बसवलं.